धाकट्या जावेचं बीजगणित

माझी लेक दहावीत गेली, तिच्या पुस्तकात नदीतल्या बोटीचं गणित आलं आणि तिथं माझी शिकवणी संपली.

त्याआधी पहिलीपासून तिचं गणित मीच घेत आले होते. मी दहावीपर्यंत शिकलेली. गणितात वर्गात पहिली यायचे. बीजगणिताला मात्र आमच्या शाळेत कधी मास्तर आले नाहीत, ते पाठांतरावर निभावलं. पण निकाल लागला त्याच उन्हाळ्यात लग्न झालं आणि नेकनूरजवळच्या या गावात आले. मला शिवण येत नव्हतं, रांगोळी धड येत नव्हती, गळा तर विचारूच नका. गणित मात्र यायचं, आणि सासरी त्याचा उपयोग व्हायला लेक शाळेत जाईपर्यंत वाट बघावी लागली. संध्याकाळी मी चुलीपुढं भाकरी थापायचे, ती उंबऱ्यावर पाटी घेऊन बसायची. वेग, अंतर आणि वेळ यांची उदाहरणं आम्हा दोघींच्या खास आवडीची. पुस्तकात लिहिलेलं असायचं, 'एक मोटार अ गावाहून ब गावाला निघाली.' मी म्हणायचे, "अ म्हंजी आपलं नेकनूर, ब म्हंजी बीड. आन् मोटार कशाची, यष्टी हाय ती. मांजरसुंब्याला चहाला थांबणार."

"आई, पुस्तकातला डायवर चहा पीत न्हाई."

"मग तो बीडचा न्हाई."

ती हसून लोळायची आणि मग एका तासात किती, तर अमुक तासांत किती, असं करत उत्तरापाशी पोचायची. एकमान पद्धत. माझ्या बाईंनी मला शिकवलेली, मी तिला दिली. माझ्याजवळ लेकीला देण्यासारखं तेवढंच होतं, आणि ते फक्त माझ्याजवळ होतं.

दिराचं लग्न दुष्काळात झालं. विहिरी तळाला गेल्या होत्या, मांडवातल्या पाहुण्यांना प्यायला पाणी टँकरचं. नवरी लातूरची. तिच्या वडलांचं तिथं किराणा दुकान, आणि ती बीएस्सी झालेली, तीही गणित घेऊन. दिराचा टेम्पो होता आणि तो बारावीला दोनदा बसून घरी राहिलेला. हे स्थळ जुळलं कसं याचं गावाला नवल वाटलं. मला त्यापेक्षा दुसऱ्या गोष्टीचं बरं वाटलं. धाकटीला धार काढता येत नव्हती. डोक्यावर घागर घेतली तर अर्धं पाणी पाठीवर सांडायचं, आणि त्या साली सांडलेल्या तांब्याचाही हिशेब लागायचा. भाकरीला कायम एका बाजूनं चीर. मी तोंडानं म्हणायचे, "येईल गं हळूहळू." मनात म्हणायचे, न्हाई आली तरी चालंल.

मग बोटीचं गणित आलं.

"आई, ऐक. एक बोट प्रवाहाच्या दिशेनं चोवीस किलोमीटर दोन तासांत जाते. तेवढंच अंतर प्रवाहाच्या विरुद्ध यायला तिला तीन तास लागतात. तर बोटीचा संथ पाण्यातला वेग किती आन् प्रवाहाचा किती?"

जाताना तासाला बारा, येताना आठ. एवढं मी लगेच सांगितलं. पुढं गाडी हलेना. बारामधले बोटीचे किती आणि पाण्याचे किती, हे वेगळं कसं काढायचं? यष्टीला असलं काही नसतं. रस्ता जागच्या जागी असतो. आमच्या नदीत तर तेव्हा वाळू सोडून काही नव्हतं. वेळ मारून न्यायला मी म्हटलं, "आदी नदीला पाणी हाय का बघून ये."

ती हसली नाही. तिची सहामाही आठवड्यावर आली होती.

धाकटी कोपऱ्यात निळ्या ड्रमावर फडकं बांधत होती. मान वर न करता म्हणाली, "बोटीचा वेग एक्स धर. पाण्याचा वाय. पाणी संगं चाललं की मिळवायचं, आडवं आलं की वजा करायचं."

लेकीनं लिहिलं. एक्स अधिक वाय बरोबर बारा. एक्स वजा वाय बरोबर आठ.

"आता दोन्ही एकाखाली एक घेऊन बेरीज कर."

"वाय उडाला!" लेक ओरडली. "काकू, वाय उडाला! दोन एक्स बरोबर वीस. बोट दहा, पाणी दोन!" आणि तिनं टाळी वाजवली.

इतक्या वर्षांत माझ्या एकाही उदाहरणाला तिनं टाळी वाजवली नव्हती. मी म्हटलं, "भाकरी खाऊन घ्या, निवतीय." माझ्या पोटात दुखायला लागलं ते त्या टाळीपासून.

दुसऱ्या दिवशी उंबरा रिकामा. लेक काकूच्या खोलीत. भाकरी थापताना मला आतून त्यांचं बोलणं ऐकू यायचं. "हे त्या बाजूला ने. चिन्ह बदल. बघ, आलं का?" मग दोघींचं हसू. काय हसण्यासारखं होतं ते मला कळायचं नाही, आणि त्याचाच जास्त त्रास व्हायचा. लेक जेवायला बसली की मला सांगायची, "आई, काकू लई सोपं करून सांगते." मी म्हणायचे, "हो का?" आणि कालवण तिच्या ताटात जरा जोरातच वाढायचे.

मी संध्याकाळची भांडी धाकटीकडं दिली. मग अंगण. मग दुसऱ्या दिवशीची डाळ निवडणं. ती एका शब्दानं काही बोलली नाही. पण दोनच दिवसांत बघते तर लेक तिच्या शेजारी बसून राखेनं भांडी घासतेय, आणि घासता घासता दोघींची समीकरणं चाललीत. माझ्याबरोबर या पोरीनं कधी ताट विसळलं नव्हतं. काम लवकर उरकलं म्हणून त्या उलट जास्त वेळ बसायला लागल्या.

मग मी ठरवलं, आपणच शिकायचं. मी आमच्या गावातल्या बायकांच्या दूध संस्थेची सचिव होते. सकाळचं दूध घेऊन झालं, दुधाची फॅट मोजून झाली की डेअरीत मी एकटीच असायचे. लेकीचं मागल्या वर्षीचं पुस्तक मी तिथं नेऊन ठेवलं. एक्स-वाय माझ्या डोक्यात शिरेना, पण एका पानावर दोन शब्द सापडले, ते मला फार आवडले. सरासरी वेग. असं काहीतरी धाकटीसमोर म्हणायला मिळालं पाहिजे, असं वाटलं. पानावर खाली काय लिहिलं होतं ते मी नीट वाचलं नाही. सरासरी मला येत होतीच. दोन आकडे मिळवायचे आणि दोनानं भागायचं.

दिवाळी सरली तसा गावातला चारा संपला. दारात एखादी गाय-शेळी ठेवून बाकीची जनावरं सरकारी चारा छावणीवर न्यावी लागली. छावणी आमच्यापासून पंधरा किलोमीटर, आणि बाप्ये माणसं जनावरांमागं तिकडंच मुक्कामाला. माझे मालकही तिकडंच. तिथं मिळेल ते उसाचं वाढं, ज्वारीची धाटं खाऊन गाई आटत आल्या होत्या, तरी थोडं दूध निघत होतं, आणि तेवढ्यावरच संस्था तग धरून होती. आता ते दूध छावणीवरून आणायचं कसं, हा प्रश्न आला. आमच्या फाट्यावर सकाळी साडेसातला संघाची दुधाची गाडी यायची. ती कुणासाठी थांबायची नाही, तिला पुढं कितीतरी गावं घ्यायची असायची.

देवळाच्या सभामंडपात सगळ्या सभासद बायका जमल्या. धाकटीही आली होती. तिला आम्ही नुकतंच सभासद करून घेतलं होतं. लेक खांबाला टेकून बसलेली. दिराचा टेम्पो ठरला. पहाटे इथून रिकामा जाईल, तिथं कॅन भरून तयार असतील, ते उचलून फाट्यावर येईल.

मी दिराला विचारलं, "भावजी, गाडी कशी पळंल?"

"जाताना रिकामी हाय, तीसनं जाईन. येताना दहाच्या वर पाय दाबायचा न्हाई. रस्ता पार उखणलाय, कॅन उलटले तर दूध रस्त्यानं. तुमी फक्त निघायचं कधी ते सांगा, वैनी."

हे मी उंबऱ्यावर बसून दोन श्वासांत सोडवलं असतं. तीसनं पंधरा किलोमीटर जायला अर्धा तास, दहानं यायला दीड तास. झाले दोन तास. पण समोर धाकटी बसलेली. मी उभी राहिले, पदर खोचला आणि म्हटलं, "आपण ह्याचा सरासरी वेग काढू."

बायका माझ्याकडं बघायला लागल्या. लय भारी वाटलं मला.

"तीस आन् दहा चाळीस. भागिले दोन. सरासरी वेग वीस. जाऊन-येऊन अंतर तीस किलोमीटर. म्हंजी दीड तास लागणार. सहाला निघा, साडेसातला फाट्यावर."

धाकटीनं मान वर केली. तिचे ओठ हलले आणि परत मिटले. मला वाटलं, चकित झाली. मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही.

तेवढ्यात खांबापासून आवाज आला, "आई, चुकलं. सरासरी वेग असा काढत न्हाईत."

"मोठ्या माणसांत बोलू नको. गप बस."

"पण आई, काकूनं मला..."

"गप बस म्हटलं ना!"

काकूचं नाव निघालं नसतं तर कदाचित मी ऐकलं असतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्या जणी फाट्यावर उभ्या होतो. संघाची गाडी वेळेवर आली, ड्रायव्हरनं इकडंतिकडं पाहिलं आणि मांजरसुंब्याच्या रस्त्याला लागला. टेम्पो दिसायला त्यानंतर अर्धा तास लागला. दीर खाली उतरला तो घामानं भिजलेला. "वैनी, मी कुटं थांबलो न्हाई हो. चहाला पण न्हाई." दूध दुसरीकडं कुठं घालता येतंय का म्हणून नेकनूरला फोन केले. कुणी तयार होईना, आणि डेअरीत दूध गार ठेवायची सोय नव्हती. दुपारपर्यंत दूध फाटलं.

आमच्या संस्थेतली सगळ्यात म्हातारी सभासद, जिच्या शब्दाला मान होता, ती म्हणाली, "ओतू नका. मातीला पाजायची आपली ऐपत न्हाई." मोठी कढई काढली, फाटलेलं दूध आटवलं, त्यात गूळ घातला आणि गावातली पोरं द्रोण घेऊन जमली. पोरांना तो सणच झाला. म्हातारीनं माझ्याही हातावर एक घास ठेवला आणि म्हणाली, "खा. ह्ये तुझ्या सरासरीचं." बायका खळखळून हसल्या. मीही हसले. लेक हसली नाही. ती माझ्याकडं बघत होती आणि तिच्या डोळ्यांत माझी कीव होती. राग असता तर चाललं असतं.

संध्याकाळी धाकटी परसात एकटी सापडली. मी सरळ विचारलं, "तुला कळलं हुतं ना सभेत? मग बोलली कावून न्हाईस?"

"कळलं हुतं, आक्का."

"मग?"

"तुमी सचिव हाव. साऱ्या बायांत मी कशी बोलू? आन् पोरगी बोलली तर तुमी तिला गप केलं. मी बोलले असते तर?"

ती हातातली काडी मोडत राहिली. मग म्हणाली, "मला कळतं सगळं. भांडी माझ्याकडं का आली, डाळ का आली. करते मी. मला त्याचं काही न्हाई. पण आक्का, मला धार काढता येत न्हाई, घागर येत न्हाई, भाकरी येत न्हाई. दिवसभर ह्या घरात मी चुकतच असते. तिच्याबरोबर बसते तेवढाच वेळ मी शिकलेली बाई असते. तेवढा वेळ काढून घेऊ नका."

असं ऐकल्यावर माणसाचा मत्सर विरघळावा. माझा विरघळला नाही. उलट वाटलं, एवढं सगळं हिला नीट बोलताही येतं.

पण टेम्पोची वेळ तिनंच लावली. साडेपाचला निघायचं, आणि आणखी पाच-दहा मिनिटं आधीच, कारण पंक्चर कुणाला विचारून होत नाही. दूध रोज वेळेत पोचायला लागलं. पुढच्या बैठकीत मी उठून म्हटलं, "संध्याकाळचं दूध संकलन धाकटीकडं द्यावं. शिकलेली बाई हाय, हिशेब चोख ठेवंल." बायकांनी माझं कौतुक केलं. म्हातारी म्हणाली, "जाव असावी तर अशी." त्यांना कुणालाच ठाऊक नव्हतं की संध्याकाळचं संकलन म्हणजे नेमकी अभ्यासाची वेळ. धाकटी डेअरीत गुंतेल, लेक माझ्या उंबऱ्यावर परत येईल, असा माझा हिशेब.

पहिल्या दिवशी लेक वाट बघत बसली. दुसऱ्या दिवशी पुस्तक घेऊन डेअरीत गेली. फॅटच्या मशीनशेजारी पोतं टाकून बसली. दूध घालायला येणाऱ्या बायका बघायच्या, आणि आठवड्याभरात आणखी दोघी पोरींना त्यांच्या आया तिथं आणून बसवायला लागल्या. मग आणखी आल्या. गावात मागं राहिलेल्या थोड्या जनावरांचंच दूध यायचं, संकलन अर्ध्या घटकेत व्हायचं, आणि उरलेला वेळ धाकटी भिंतीवर खडूनं लिहायची. दोन गाड्या समोरासमोर निघाल्या. एक पोरगी चालत निघाली आणि तिचा भाऊ सायकलवर मागून आला. गावातल्या डेअरीतून पोरींचा एका सुरातला आवाज घरापर्यंत यायचा, "वाय उडाला!"

मी घरात एकटी भाकऱ्या थापत बसायचे. हे मी स्वतःच्या हातानं घडवलं होतं आणि त्यासाठी सगळं गाव मला चांगलं म्हणत होतं.

एकदा न राहवून मी डेअरीत गेले. निमित्त म्हणून हिशेबाची चौकशी केली. धाकटीनं पोरींना गणित घातलं होतं आणि त्या अडल्या होत्या. आगगाडी पुलावरून जाते, पुलाची लांबी दिलेली, गाडीची लांबी आणि वेग दिलेला, पूल ओलांडायला वेळ किती? सगळ्या पोरींनी नुसत्या पुलाची लांबी धरली होती. मी दारातून म्हटलं, "शेवटचा डबा पुलावरच राहिला ना गं तुमचा. त्यातल्या माणसांनी काय करायचं?"

पोरी थांबल्या. मग एकीनं गाडीची लांबी पुलात मिळवली आणि उत्तर आलं. धाकटी माझ्याकडं वळून म्हणाली, "आक्का, असं मला सांगता येत न्हाई. तुमी येत जा की." तिच्या तोंडावर खोटं काही नव्हतं. लेकीनं पोत्यावर सरकून मला जागा केली.

मी बसले. नंतरही जात राहिले, रोज नाही, पण जात राहिले. एक्स-वाय तिथंच शिकले, पोरींच्या मागं बसून, कुणाला न विचारता. धाकटी मांडणी करायची, मी गाडीत माणसं बसवायचे. पोरी दोघींनाही ऐकायच्या. पण अडलं की मान आधी धाकटीकडं वळायची, आणि ती वळताना मला दर वेळी दिसायची.

दहावीला लेकीला गणितात शाळेत कुणाला पडले नव्हते एवढे मार्क पडले. पेढे वाटले. अकरावीला लातूरला घालायचं ठरलं, कारण शिकायचं तर लातूर, असं सगळेच म्हणत. राहायचं कुठं? धाकटीचं माहेर तिथंच. तिच्या आईनं आपणहून निरोप धाडला, पोरीला वसतिगृहात ठेवू नका, माझ्याकडं पाठवा.

नाही म्हणायला मला एकही कारण नव्हतं. मी चादरी, लोणचं, शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. पंधरा दिवसांनी लेकीचा फोन आला. "आई, आजी लई मऊ पोळ्या करते. डबा लई छान असतो." आता धाकटीच्या आईचाही हेवा वाटायला लागला. न बघितलेल्या बाईच्या पोळीवर जळायचं, म्हणजे माझी कमालच.

लेक गेल्यावर घरात संध्याकाळी आम्ही दोघीच. डेअरीतल्या बाकीच्या पोरी पुढल्या इयत्तेत गेल्या, नव्या आल्या. पाऊस पुढच्या सालात झाला, जनावरं गावात परतली, संस्था टिकली. धाकटीला धार काढायला मीच शिकवलं. तिचा हात जड होता, गाय लाथ मारायची, आणि मी हसायचे तशी तीही हसायची. भाकरीला तिच्या अजूनही चीर पडते.

आता लेक पुण्यात नोकरी करते. काय करते ते ती मला समजावून सांगते, धाकटीला सांगावं लागत नाही. दर रविवारी तिचा फोन येतो, आणि तो आधी काकूच्या मोबाईलवर येतो. मग धाकटी बोलत बोलत माझ्याकडं येते आणि फोन माझ्या हातात देते. मी लेकीला कितीदा सांगितलं, माझ्याकडंही मोबाईल हाय, त्याला पण रेंज हाय. ती म्हणते, "अगं आई, तुमी दोघी एकाच घरात तर आसता."

हे खरंय. तरी रविवारी मी माझा मोबाईल चार्ज करून जवळ ठेवते.